भोपळ्याचं बी

तलासरी
१८ नोव्हेंबर २०१४

सौ. शुक्री हिस,

सुनिताच्या डोक्यात डुकराचा किडा आहे. काल वापीच्या डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरून दाखवला आणि नक्की म्हणून सांगितलं. डाव्या बाजूला मुगाच्या दाण्याएवढा ठिपका आहे, त्याच्याभोवती सूज. फिट त्यामुळेच येते. तुम्ही गेलात तेव्हा इथल्या डॉक्टरांनी नुसती शंका घेतली होती. आता पक्कं झालं. तुम्हाला घराबाहेर काढलं ते उगाच नव्हतं, एवढं कळावं म्हणून लिहिते. फोन केला तर अमृतभाऊजी कट करतात. चिठ्ठी तरी ते तुला वाचून दाखवतील.

मी रागाने लिहीत नाही. शाळेत पोरांचे पेपर तपासते तशी शांत डोक्याने लिहिते. आपलं घर माळेचं. सुनिताचे बाबा भजनी मंडळाचे प्रमुख, दर रविवारी मंडळ आपल्याच खळ्यात बसतं. अशा घरातल्या पोरीच्या डोक्यात डुकराचा किडा निघतो, तर तो आला कुठून? तुझ्या बापाकडे डुकरं आहेत हे लग्नाच्या वेळी सगळ्यांना माहीत होतं. तू इथे येऊन माळ घातलीस, तिथे विषय संपला असं आम्ही धरलं. पण माहेरी गेल्यावर तू काय खात होतीस ते तुझं तुला माहीत. सुनिताला तू दोनदा बरोबर नेलंस. दोन्ही वेळा मीही होते असं कुणी म्हणेल. मी तिथे भात आणि वालाची आमटी खाल्ली. हे तुला चांगलं ठाऊक आहे.

तुम्हाला काढलं त्या संध्याकाळचं सारखं डोळ्यांपुढे येतं. भात झोडून झालेला, पेंढ्यावर मंडळाची माणसं बसलेली. सुनिताच्या बाबांनी तुला विचारलं, "घातलंस का पोरीला?"

"दादा, काय बोलतोस तू," भाऊजी म्हणाले.

"तुला नाही विचारलं. तिला विचारतोय."

आई म्हणाल्या, "बोल ना गं. तोंडात पाणी धरलंस काय?"

तू माझ्याकडे बघितलंस, मग खाली. लोक म्हणाले, गप्प आहे म्हणजे खरं आहे. मीही तेच म्हणाले.

तुझी भांडी आणि तान्ह्या दक्षाची झोळी चिकूच्या टेम्पोवाल्याकडे दिली आहे, तो आगरला तुमच्या घराशी उतरवेल. तांबडी कोंबडी खुराड्यात येत नाही, आंब्यावर जाऊन बसते. सापडली की पाठवते.

सुनिताला गोळ्या सुरू केल्या. तिला बरं वाटलं की ती तुझं नाव काढते. म्हणून तिला सांगून ठेवलं आहे की तुम्ही कामासाठी गेलात.

योगिता


डहाणू रोड
९ मे २०१६

शुक्री,

ठिपका वाळून खडा झाला आहे. आज सकाळी डॉक्टरांनी नवा फोटो पाहून सांगितलं आणि एक गोळी कमी केली. गेल्या दिवाळीपासून फिट आली नाही. ही बातमी तुला कळवायला हवी असं नाही, पण दुपारी स्टेशनजवळ जे झालं त्यानंतर न लिहिणंही बरं नाही.

आम्ही तुला पाहिलं. सुकटवाल्या बायांच्या रांगेत तू शेवटी बसली होतीस, दक्षा तुझ्या मागे गोणीवर झोपली होती. तू एका गुजराती बाईला बोंबील मोजून देत होतीस. ती म्हणत होती, "एटलाज?" आणि तू तिला म्हणालीस, "बेन, अजून घातले तर मीच येते तुझ्या पिशवीत." ती हसली. तू पूर्वीसारखीच बोलतेस.

सुनिता ओरडली, "काकी." मी तिचा हात ओढला आणि म्हटलं, ती नाही, तिच्यासारखी कुणीतरी आहे. ती म्हणाली, "आई, मला डोक्यात खडा आहे, डोळ्यात नाही."

तू मान वर केली होतीस. मला वाटतं तू आमच्या पाठी पाहिल्या. मी आता एसटी स्टँडजवळ चहाच्या टपरीवर बसून लिहिते आहे. सुनिता उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली आहे.

आणखी एक सांगते, कुणाकडून तरी कळेलच. तिच्या शाळेत पोरी तिला डुकरी म्हणायला लागल्या होत्या. जेवायला बसली की ताट घेऊन सरकायच्या. मी शाळेत गेले, वर्गासमोर उभी राहिले आणि सांगितलं, हिने काही खाल्लेलं नाही, हिला घरातल्या एका बाईने खाऊ घातलं. पोरींनी विचारलं, कोण बाई. मी नाव घेतलं नाही. घ्यायची गरज पडली नाही. तुझ्या माहेरच्या पाड्यावरच्या दोन पोरी त्याच वर्गात आहेत.

पोरींनी चिडवायचं थांबवलं. तेव्हा मला हलकं वाटलं होतं. आज तुला रांगेत शेवटी बसलेली पाहून तसं वाटत नाही.

तांबडी कोंबडी अजून आहे. आंब्यावरून उतरली. तिची दोन पिल्लं घारीने नेली.

योगिता


तलासरी
२२ जुलै २०१८

शुक्री,

सुनिताला कुणी डुक्कर चारलं नव्हतं. हे मला पंधरा दिवसांपूर्वी कळलं, फिटच्या सर्वेसाठी आलेल्या डॉक्टरबाईंकडून. त्या पाड्यापाड्यावर फिरून फिट येणाऱ्यांची नावं घेतात आणि आसपासच्या घरांतली शौचं तपासतात. शाळेच्या पोरांसाठी एक पुस्तिका करायची आहे, सोप्या मराठीत, ती माझ्याकडे दिली. इंग्रजी कागदांचा गठ्ठा दिला आहे. शाळा सुटल्यावर बसून वाचते.

तुलाही त्यातलं थोडं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं लिहिता येत नाही.

पूर्वी युरोपातले मोठमोठे लोक मानायचे की पोटातला किडा पोटातच आपोआप उपजतो, शेणात किडे होतात असं आपण म्हणतो तसं. मग एका जर्मन पाद्रीने डुकराच्या मांसातला पाण्याचा फोड भिंगाखाली धरला. आत एवढंसं डोकं होतं आणि त्याला आकड्यांचं कडं. माणसाच्या आतड्यात जो लांब पट्टीसारखा किडा असतो, त्याचं डोकंही तसंच. पण ते लोकांना पटायला आणखी दोन पिढ्या गेल्या. मग कुणीतरी किड्याची अंडी डुकराला चारून पाहिली, तर डुकराच्या मांसात फोडच फोड. आणि एका डॉक्टरने उलटं करून पाहिलं. मृत्युदंड झालेला एक कैदी होता. त्याच्या सूपमध्ये आणि मांसाच्या सॉसेजमध्ये याने ते फोड मिसळले आणि त्याला कळू न देता खायला घातले. शिक्षा झाल्यावर आतडं उघडलं, तर कोवळे किडे चिकटलेले. सिद्ध झालं. त्या काळच्या लोकांनीही त्या डॉक्टरला नावं ठेवली म्हणतात. मी गठ्ठ्यात शोधलं. डॉक्टरचं नाव सगळीकडे आहे, कैद्याचं कुठेच नाही.

नंतरची गोष्ट आपल्या बाजूची. इंग्रजांचे सोल्जर इथे नोकरी करून परत गेले की काही वर्षांनी त्यांना फिट येऊ लागायच्या. कुणाला वेड्यांच्या इस्पितळात टाकलं, कुणाला म्हणाले ढोंग करतो. मग लष्करातल्या डॉक्टरांनी त्यांचे एक्स-रे काढले. मांसात तांदळाच्या दाण्यांसारखे खडे दिसले. वर्षानुवर्षं लोकांनी त्यांना खोटं ठरवलं आणि ते खरं बोलत होते.

आता मुद्द्याचं. डुकराचं कच्चं राहिलेलं मांस खाल्लं तर किडा पोटात होतो. डोक्यात नाही. पोटात किडा असलेल्या माणसाच्या शौचातून त्याची अंडी बाहेर पडतात. ती न धुतलेल्या हाताने, विहिरीच्या पाण्याने, कच्च्या पाल्याने दुसऱ्याच्या तोंडात गेली की मग डोक्यात ठिपका होतो. डोक्यात ठिपका असलेल्या माणसाने डुक्कर कधी पाहिलंही नसेल तरी चालतं. मी डॉक्टरबाईंना म्हटलं, मग याला डुकराचा किडा का म्हणतात?

त्या म्हणाल्या, "मॅडम, नाव उलटं पडलंय. किडा माणसाचा. डुकराला आपण देतो, आणि बोंब त्याच्या नावाने मारतो."

एका शब्दावर आम्ही सगळं केलं, शुक्री. इथल्या डॉक्टरांनी हा शब्द सहज उच्चारला असेल. सुनिताच्या बाबांनी तो खळ्यात आणला, मी तो शाळेत नेला.

तुझा दोष नसावा असं मला वाटतं. नसावा लिहिलं, नव्हता लिहिलं नाही, कारण सुनिताच्या आसपास कुणाच्या तरी पोटात तो किडा होता. डॉक्टरबाई म्हणतात, बहुतेक वेळा घरातलंच माणूस निघतं. आपल्या घरात माहेरी डुकरं असलेली तू एकटी. म्हणून या चिठ्ठीबरोबर तीन प्लास्टिकच्या डब्या पाठवते, तुझी, भाऊजींची आणि दक्षाची. चिकटपट्टीवर नावं लिहिली आहेत. सकाळी भरून डहाणूच्या लॅबमध्ये द्यायच्या, तिथे सांगून ठेवलं आहे. चाचणी फुकट आहे.

हे लिहिताना मलाच कसंतरी होतं. पण पोरीच्या तब्येतीचा प्रश्न आहे. भाऊजींनी राग मानू नये.

योगिता

ता. क. पुस्तिकेत कैद्याची गोष्ट घालायची की नाही ते ठरत नाही. सुनिता म्हणते घाल. ती म्हणते, "नाहीतर पोरांना वाटेल सगळं प्रेमाने कळलं."


तलासरी
६ जानेवारी २०१९

शुक्री,

तुमच्या तिन्ही डब्या स्वच्छ आहेत. लॅबवाल्यांनी दोनदा तपासून सांगितलं आणि डॉक्टरबाईंनी मला शाळेत येऊन कागद दाखवला. तू डब्या पाठवशील असं मला वाटलं नव्हतं. माणूस अशी वस्तू तोंडावर फेकून मारतं. तू दिवाळीनंतर सुकटीची टोपली घेऊन लॅबमध्ये गेलीस आणि तिथल्या पोराला म्हणालीस, "मास्तरणीने मागवलंय, नीट बघ, परत मागेल." त्याने हे डॉक्टरबाईंना सांगितलं आणि त्यांनी मला. त्या हसत होत्या. मीही हसले.

इथे भूकंपाच्या धक्क्यांनी हैराण केलं आहे. तुमच्याकडेही जाणवत असतील. रोज नाही, पण कधी येईल सांगता येत नाही. भिंतीला चीर गेली म्हणून शाळा चिंचेखाली भरते, रात्री सगळा पाडा अंगणात झोपतो. आईंनी तर चूलसुद्धा बाहेर आणली. त्या म्हणतात, "धरतीच्या पोटात जंत झालेत."

डॉक्टरबाई चिंचेखालीच आल्या होत्या. कागद दाखवून झाल्यावर म्हणाल्या, "तुमच्या घरातले सगळे झाले. सासूबाई, साहेब, सुनिता. मॅडम, तुमची डबी?"

मी म्हटलं, "मी तर पुस्तिका लिहिणारी."

"लिहिणाऱ्यांना पोट नसतं का?"

पोरं हसली. मी उद्या देते म्हटलं. याआधीही दोनदा मी उद्या देते म्हटलं आहे. एकदा तर झाली म्हणूनही सांगितलं होतं.

तुझा दोष नव्हता. आता नव्हता लिहिते.

योगिता


तलासरी
१९ फेब्रुवारी २०१९

शुक्री,

किडा माझ्या पोटात होता. जानेवारीत माझ्या डबीत अंडी दिसली, पण नुसत्या अंड्यावरून तो डुकराच्या मांसातला की गाईच्या ते कळत नाही. काल डॉक्टरबाईंनी गोळीनंतर पडलेला तुकडा भिंगाखाली पाहिला आणि नक्की केलं. डुकराच्या मांसातलाच.

भाऊजी, तुम्ही वाचत असाल तर इथे थांबू नका. पुढचं मोठ्याने वाचा. याआधीच्या सगळ्या चिठ्ठ्या मी तुम्ही वाचणार हे धरून लिहिल्या होत्या. शुक्रीला जे माहीत आहे ते तुम्हाला कळू नये अशा बेताने. ही तुमच्यासाठीही आहे.

शुक्रीच्या माहेरी मी वालाची आमटी खाल्ली नाही. आमटी शुक्रीने खाल्ली. मी डुकराचं मटण खाल्लं. दोन्ही वेळा. तिच्या आईने निखाऱ्यावर भाजलं होतं, चरबीला मीठ-मिरची लावलेली. लहानपणी, माळ यायच्या आधी, माझ्याही बापाच्या घरी शिमग्याला व्हायचं. त्या वासाने मी तिथे ओसरीवर बसले आणि उठू शकले नाही. आतून थोडं लाल होतं. शुक्री म्हणालीही, "बाय, अजून एक घडी थांब, शिजू दे." मी थांबले नाही. सुनिता तेव्हा बाहेर करडाबरोबर खेळत होती, तिने भात खाल्ला.

शुक्री, जेवायच्या आधी मी गळ्यातली माळ काढून तुझ्या हातात दिली, आठवतं? म्हटलं, मी हात धुवेपर्यंत तू धर. तू ती मुठीत धरून समोर बसलीस, दुसऱ्या हाताने आमटी-भात खाल्लास. तुझ्या आईने तुला वाढायला घेतलं तर तू म्हणालीस, "नको आये, माझ्या गळ्यात आहे आणि हातातपण आहे." मला ते लागलं होतं, पण जिभेवर चव होती म्हणून मी हसले. मग माळ परत घेताना मी तुला ती पुन्हा धरायला लावली आणि कुणाला सांगणार नाहीस असा शब्द घेतला.

खळ्यात तू माझ्याकडे पाहिलंस ते त्यासाठी. मी शब्द सोडते का ते तू पाहत होतीस. मी सोडला नाही. माळ मोडली म्हणून ज्या बाईला घराबाहेर काढलं, ती माळेवरचा शब्द पाळत उभी होती, आणि मी आईंच्या शेजारी उभी राहून म्हणाले, गप्प आहे म्हणजे खरं आहे.

त्या पहिल्या चिठ्ठीत मी लिहिलं होतं, हे तुला चांगलं ठाऊक आहे. ती धमकी होती. तुला कळली असणार.

आता बियांचं. तू कपडे धुताना माझ्या परकरावर भोपळ्याची बी सापडली होती. पांढरी, चपटी. तू ओढ्यावर सगळ्या बायांसमोर म्हणालीस, "बाय, बिया चावून खा गं. अख्ख्या गिळतेस, पोटात वेल उगवेल." बाया हसल्या. मीही म्हटलं, आईंनी भाजलेल्या बिया मला पुरत नाहीत. आपल्या मांडवावर भोपळा, घरात रोज भोपळा, आई बिया भाजून डबा भरून ठेवायच्या. मग शौचाला बसल्यावर दिसल्या तरी मला कधी शंका आली नाही. शंका आली नाही हे मी काल डॉक्टरबाईंना सांगितलं, आणि तेही पूर्ण खरं नाही. गठ्ठ्यातल्या एका कागदावर वाचलं होतं की किड्याचे तुटलेले तुकडे भोपळ्याच्या बियांसारखे दिसतात. त्या दिवशी मी तो कागद खाली ठेवला आणि चहा केला. दुसऱ्या दिवशी पुस्तिकेत लिहिताना ते वाक्य गाळलं. नंतरच तुझ्याकडे डब्या पाठवल्या.

आपल्या घरात चटणी मी वाटायची. पाट्यावर, कच्च्या कांद्याची, कोथिंबिरीची. तुझी चटणी सुनिताला तिखट लागायची म्हणून ती माझ्याच हातची मागायची. ओढ्याकडून येऊन मी हात पाण्याखाली धरायचे, साबण नहाणीपुरता असायचा. मी शाळेत पोरांना हात धुवायला शिकवत होते, गाणं म्हणून.

डॉक्टरबाई म्हणतात, सुनिताचा ठिपका माझ्यामुळेच झाला हे सिद्ध करता येत नाही. कुणा शेजाऱ्यामुळे, विहिरीमुळे, वाडीतल्या पाल्यामुळेही झाला असेल. त्या मला धीर द्यायला म्हणतात. मी त्यांना कैद्याची आठवण करून दिली. त्या डॉक्टरने निदान अनोळखी माणसाला खायला घातलं.

"असं बोलायचं नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही मुद्दाम नाही केलंत."

पोरीला मुद्दाम केलं नाही. तुला मुद्दाम केलं, शुक्री.

गोळी घेतली तो प्रकार तुला सांगायला लाज वाटते, पण तुला मी डब्या भरून लॅबमध्ये द्यायला लावल्या, तेव्हा तुला ऐकायचा हक्क आहे. आधी माझ्या डोक्याचा फोटो काढला, ते स्वच्छ निघालं. मग परवा सकाळी उपाशीपोटी गोळ्या चावून खाल्ल्या, वर जुलाबाचं औषध. धक्क्यांमुळे सगळा पाडा अंगणात. सरकारने बांधून दिलेल्या संडासात आईंची लाकडं रचलेली होती, ती सुनिताने बाहेर काढली. मी बादली घेऊन आत-बाहेर करते आहे आणि बाया खाटेवरून विचारतायत, "मास्तरीण, काय झालं गं?" आई म्हणाल्या, "शाळेतली खिचडी बाधली असेल." मी तुझ्यासारखी गप्प होते, पण तुझ्यासारख्या कारणासाठी नाही.

बादलीत पांढरी पट्टी निघाली, सुनिताच्या वेणीच्या रिबिनीसारखी. डॉक्टरबाईंना ती दाखवायला सुनितानेच नेली. तिला मी सगळं सांगितलं आहे. मटण, माळ, ओढा, चटणी. ती म्हणाली, "काकीने मला करडाचं नाव ठेवायला सांगितलं होतं त्या दिवशी. मी काय ठेवलं होतं ते तिलाच माहीत असेल." एवढंच. त्यानंतर ती माझ्या ताटात वाढते, पण मी वाढलेलं मुकाट्याने घेत नाही. आधी माझ्या हातांकडे बघते. डॉक्टरबाईंनी आता भीती नाही म्हणून सांगितलं आहे. तरी बघते. मी तिला बघू देते.

पट्टीचं डोकं सापडलेलं नाही. डोकं आत चिकटून राहिलं तर किडा पुन्हा वाढतो म्हणतात. मे महिन्यात पुन्हा डबी द्यायची आहे, तेव्हा कळेल.

सुनिताच्या बाबांना अजून सांगितलेलं नाही. त्यांना वाटतं पोट बिघडलं होतं. त्यांना एकट्याला सांगितलं तर ते म्हणतील, झालं ते झालं, आता घरातल्या घरात ठेव. मला ते माहीत आहे, कारण मीही तेच म्हणाले असते. म्हणून ज्या जागी तुला विचारलं त्याच जागी सांगणार आहे. येत्या रविवारी, चोवीस तारखेला, मंडळ बसल्यावर, पहिला अभंग सुरू व्हायच्या आधी. माळ काढून समोर ठेवीन, कारण ती गळ्यात ठेवून बोलता येणार नाही. काही उठून जातील. आई बोलणं टाकतील. सुनिताच्या बाबांना प्रमुखपद सोडावं लागेल, आणि ते मला घरात ठेवतील की नाही हे मला खरंच सांगता येत नाही. पुस्तिका पुढच्या महिन्यात छापायला जायची आहे, भोपळ्याच्या बियांचं वाक्य मी परत घातलं आहे. खाली माझं नाव असेल. तुझ्या माहेरच्या पोरी शिकतात त्या सुनिताच्या शाळेत ती मी स्वतः घेऊन जाईन आणि तिथे कुणाचं नाव राहून गेलं होतं तेही सांगेन.

तुझ्याकडून घेतलेला शब्द मी सोडते. आता तू कुणालाही सांगू शकतेस, माझ्याआधीही. शनिवारपर्यंत तू सांगितलंस तर माझं काम सोपं होईल, पण ते तुझ्यावर टाकत नाही.

भाऊजी, एवढं मोठ्याने वाचलंत. आता तिच्याकडे बघा. तिने तुम्हालाही सांगितलं नव्हतं ना?

शनिवारी सकाळच्या एसटीने सुनिता आगरला उतरेल. ती तुला चल म्हणणार नाही, मी तसं बजावलं आहे. तिला फक्त करडाचं नाव विचारायचं आहे, आणि तांबड्या कोंबडीचं एक पिल्लू तुला द्यायचं आहे. तुझी कोंबडी गेल्या पावसाळ्यात मेली, ते कळवायचं राहून गेलं होतं. सुनिता तुझ्या हातचं पाणी मागेल. वाटलं तर दे.

रविवारी तू आलीस तर मागे बायांमध्ये बसू नकोस. तेव्हा जिथे उभी होतीस तिथे, पेंढ्याजवळ, मधोमध बस. नाही आलीस तरी ती जागा रिकामी ठेवून मी बोलणार आहे.

योगिता